कोरोनातले दोन-दोन हजार कुणाच्या खात्यात गेले? गावाची यादी मागायची आणि वाचायची रीत

नाशिक जिल्ह्यातल्या एका कांद्याच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी, लाइटबिल, जे येईल ते. टेबलासमोर बसणारं माणूस कुठल्याही कामाला आलेलं असो, उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतं: “ताई, त्याला आले, मला का नाही आले?” तो प्रश्न पारावर विचारला की भांडण होतं. कागदावर विचारला तर उत्तर मिळतं, उशिरा का होईना. कागदावर कसा विचारायचा तेच इथे सांगते.

आधी पैसे कोणते ते नीट समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. २६ मार्च २०२० ला केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं, १ लाख ७० हजार कोटींचं. त्यात सांगितलं की ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलमध्येच दोन हजार रुपये मिळतील. हे नवे पैसे नव्हते. पीएम-किसान ही वर्षाला सहा हजार देणारी योजना फेब्रुवारी २०१९ पासून चालूच होती. एप्रिल ते जुलैचा जो हप्ता यायचाच होता, तो एप्रिलच्या सुरुवातीला टाकला आणि पॅकेजमध्ये मोजला. मार्केट बंद, मजूर नाही, अशा वेळी लवकर मिळाले हे चांगलंच झालं. पण “कोरोनाचे वेगळे दोन हजार आमचे कुणीतरी खाल्ले” म्हणून आजही जे भांडतात, त्यांचं भांडण मुळातच चुकीच्या जागी आहे. तो पाचवा हप्ता होता. सहावा ९ ऑगस्ट २०२० ला आला, सातवा २५ डिसेंबर २०२० ला, आठवा १४ मे २०२१ ला. म्हणजे टाळेबंदी आणि दुसऱ्या लाटेच्या काळातले एकूण चार हप्ते, माणशी आठ हजार.

त्याच महिन्यांत जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे आले. ते वेगळे. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी झाली, राज्याने १० हजार कोटींची मदत जाहीर केली, जिरायत-बागायतीला हेक्टरी १० हजार आणि फळबागेला २५ हजार, दोन हेक्टरपर्यंत. ती पंचनाम्यावर मिळाली, तिची यादी वेगळी. हे तिन्ही एकाच पासबुकात एकाखाली एक पडलेले असतात, आणि माणसं तीन योजनांची बेरीज करून शेजाऱ्याशी तुलना करतात.

आता मुद्द्याची गोष्ट. पीएम-किसानच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की पात्र लाभार्थ्यांची यादी गावपातळीवर लावायची. एरवी ग्रामसभेत कुणी ना कुणी उठून “यादी वाचा” म्हणतंच. पण कोरोनात ग्रामसभाच बंद होत्या. पैसे आले, नावं वाढली, कमी झाली, आणि गावासमोर काहीच वाचलं गेलं नाही. पुढे ग्रामसभा सुरू झाल्या तेव्हा त्या वर्षांचा विषय कुणी काढला नाही. म्हणून ही चार हप्त्यांची यादी मागायला अजूनही अर्थ आहे.

आणि मागितल्याने काय होतं तेही बघा. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाच्या उत्तरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने सांगितलं की २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले. त्यातले निम्म्याहून जास्त लोक आयकर भरणारे होते. सगळ्यात जास्त अपात्र पंजाबात, मग आसाम, मग आपला महाराष्ट्र, २.८६ लाख. सहा महिन्यांनी, जुलै २०२१ मध्ये, संसदेत आकडा सांगितला गेला तो ४२ लाखांहून अधिक लोकांचा आणि सुमारे तीन हजार कोटींचा. महाराष्ट्राचे त्यात ४.४५ लाख. त्याआधी २०२० मध्ये तमिळनाडूत तर टाळेबंदीतली ऑनलाइन नोंदणीची सवलत वापरून साडेपाच लाखांच्या आसपास बोगस नावं घुसवल्याचं उघड झालं होतं. हे सगळं देशाचं नि राज्याचं. तुमच्या गावचं काय, ते गावानेच विचारायचं.

आधी स्वतःचं पासबुक

दुसऱ्याची यादी मागण्याआधी स्वतःचे चार हप्ते तपासा. बँकेत जाऊन मार्च २०२० ते जुलै २०२१ चं स्टेटमेंट काढा, शिक्क्यासह. पासबुक भरून घेत बसू नका, जुन्या नोंदी बऱ्याचदा एका ओळीत गोळा करून छापतात. मग पीएम-किसान पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’मध्ये नोंदणी क्रमांक टाकून हप्त्यांची यादी बघा. नोंदणी क्रमांक आठवत नसेल तर मोबाइल किंवा आधारवरून तिथेच काढता येतो.

इथे काही शब्द दिसतात, ते लोकांना घाबरवतात. ‘आरएफटी साइन्ड बाय स्टेट’ म्हणजे राज्याने तुमचं नाव पैसे सोडायला पुढे पाठवलं. ‘एफटीओ जनरेटेड’ म्हणजे पैसे पाठवायचा आदेश निघाला, पोचल्याची खात्री बाकी. पैसे गेले असतील तर त्यापुढे यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या एका व्यवहाराचा बँकेतला क्रमांक, असतो. तो लिहून घ्या. “पोर्टलवर गेले दिसतात, खात्यात नाहीत” अशी तक्रार असेल तर बँक मॅनेजर त्या क्रमांकाशिवाय काहीच शोधू शकत नाही, आणि क्रमांक असला की शोधावंच लागतं.

आमच्याकडच्या एका नानांचं उदाहरण सांगते. सातबाऱ्यावर नाव ‘किसन रामा’, आधारवर ‘कृष्णा रामचंद्र’. माणूस एकच, गावाला ठाऊक, पण कॉम्प्युटरला दोन. त्यात कांदा कापून कापून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, मशीन अंगठा घेईना. नाना दोन वर्षं समजत होते की कुणीतरी मुद्दाम नाव कापलं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दोन्ही नावं अक्षर-अक्षर वाचून दाखवली, तेव्हा त्यांचा राग उतरला. आधारवरचं नाव राजपत्राच्या प्रतीवर दुरुस्त झालं, पुढचे हप्ते सुरू झाले, मागचे राहिले. गावात ज्यांचे पैसे आले नाहीत, त्यातल्या बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं: नाव, आधार, बँक. आणखी एक होतं. पैसे येतात, पण भलत्याच बँकेत, कारण आधार कधीकाळी त्या खात्याला जोडलेलं असतं आणि माणूस ते खातं विसरलेला असतो.

पोर्टलवरची यादी, आणि ती का पुरत नाही

पोर्टलवर ‘बेनिफिशियरी लिस्ट’ आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, नावं दिसतात. त्याला पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ती बघायला कुणाची परवानगीही लागत नाही. गावाच्या डॅशबोर्डवर संख्या बघता येतात. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ नावाने एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल, आली तर उघडू नका. यादी फाइलमध्ये येत नाही, खातं मात्र रिकामं होतं.

पण ही यादी आजची. केवायसी आणि जमिनीची नोंद जोडणं सक्तीचं झाल्यावर देशभरात नावं गळाली. मे २०२२ च्या अकराव्या हप्त्याला दहा कोटींच्या वर शेतकरी होते, ऑक्टोबरच्या बाराव्याला आठ कोटींच्या आसपास. म्हणजे २०२० मध्ये पैसे घेतलेला एखादा आज यादीत नसेल, आणि त्यावरून “त्याने कधी घेतलेच नाहीत” असं म्हणता येत नाही. त्या काळाची यादी कार्यालयातूनच मिळवावी लागते, ती कशी ते पुढे अर्जाच्या भागात सांगते.

यादी हातात आली की लगेच बोट दाखवू नका

तलाठ्याकडून गावच्या खातेदारांचा ८-अ, म्हणजे कुणाच्या खात्यावर किती जमीन ते सांगणारा उतारा, बघून घ्या, किंवा महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर एकेक खातं फुकट उघडा. सहीचा उतारा लागला तरच पंधरा रुपये भरा. लाभार्थ्याचं नाव आणि खातं जुळवत चला. पेन्सिलनेच खुणा करा, कारण अर्ध्या खुणा पुसाव्या लागतात.

जे चुकीचं वाटतं पण चुकीचं नसतं, त्याची यादी मोठी आहे. बाप आणि लग्न झालेला मुलगा दोघांची नावं आहेत, दोघांची जमीन वेगवेगळी नावावर आहे, तर दोन कुटुंबं, दोघेही पात्र. भावाभावांचं सामाईक खातं असेल तर प्रत्येकाचं कुटुंब वेगळं मोजतात. सरपंचाचं नाव दिसलं की गावात लगेच आरडाओरडा होतो; पण सरपंचपद हे अपात्रतेचं कारण नाहीच. आमदार, खासदार, मंत्री, महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आजी असोत की माजी, ते अपात्र. शिपायासारखे चतुर्थ श्रेणीचे सरकारी कर्मचारी पात्र, शिक्षक आणि ग्रामसेवक अपात्र. पेन्शन महिना दहा हजारांच्या आत असेल तर पात्र. आयकराचं विवरणपत्र भरणं आणि आयकर भरणं यात फरक आहे, ट्रॅक्टरच्या कर्जासाठी शून्य कराचं विवरणपत्र भरलेला माणूस त्या कारणाने बाद होत नाही. बाहेरगावच्या बाईचं नाव दिसलं तर ती लेक असते, माहेरच्या जमिनीत वारसाने नाव लागलेली.

खरंच खटकायला हवं ते एवढंच: नवरा-बायको दोघांनाही हप्ते चालू, सातबाऱ्यावर कुठेच नसलेलं नाव, १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने घेतलेल्या जमिनीवरचा लाभ (वारसाने आलेली चालते), पगारदार माणूस, मयताच्या नावावर चालू राहिलेला हप्ता. मयताचा फेरफार बघा, तारीख तिथे मिळते.

माहिती अधिकाराचा अर्ज

सुरुवातीला हे काम तहसील कार्यालयाकडे होतं, नंतर कृषी विभागाकडे गेलं. म्हणून “आमच्याकडे नाही, तिकडे जा” हे उत्तर ठरलेलं. त्याला घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे अर्ज ज्याचा विषय त्याच्याकडे पाच दिवसांत पाठवायची जबाबदारी त्यांची आहे. २०२०-२१ ची माहिती आहे म्हणून मी तहसीलच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहायला सांगते.

अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालचे असाल तर तो लागत नाही, दाखल्याची प्रत जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अतिवृष्टीची यादी याच अर्जात घुसडू नका, तिला वेगळा अर्ज. आणि ‘का’ ने सुरू होणारा प्रश्न लिहू नका. “अपात्रांना पैसे का दिले?” याला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा. मी असा मजकूर देते:

*विषय: पीएम-किसान योजना, मौजे (गाव), लाभार्थी यादी व पडताळणी.*
*कालावधी: १ एप्रिल २०२० ते ३१ जुलै २०२१.*
*हवी असलेली माहिती: १) वरील कालावधीतील प्रत्येक हप्त्याची मौजे (गाव) येथील लाभार्थ्यांची नावे व अदा रक्कम, कलम ४(१)(ख)(बारा) नुसार. आधार, बँक खाते व मोबाइल क्रमांक नकोत. २) या गावातील पाच टक्के प्रत्यक्ष पडताळणीच्या अहवालाची प्रत. ३) अपात्र ठरवलेल्या लाभार्थ्यांची संख्या, कारणे, वसुलीच्या नोटिसा व शासनास भरलेल्या रकमेच्या नोंदीची प्रत. ४) यादी ग्रामपंचायतीस प्रसिद्धीसाठी पाठवल्याच्या पत्राची प्रत. माहिती व्यक्तिशः घेईन.*

‘नकोत’ हा शब्द मुद्दाम आहे. आधार आणि खाते क्रमांक मागितले की “खासगी माहिती” म्हणून अख्खा अर्ज फेटाळायचं आयतं कारण आपणच देतो. आपल्याला तसंही ते क्रमांक कशाला हवेत? कलम ४(१)(ख)(बारा) सांगतं की अनुदानाच्या कार्यक्रमांतल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचा. आपण तोच मागतोय, एवढं एका ओळीत कळलं पाहिजे.

अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. “ठेवून जा, बघतो” म्हणाले तर ठेवू नका. तीस दिवसांची मुदत त्या शिक्क्यापासून मोजतात. प्रतीचे पानाला दोन रुपये. तीस दिवस उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६).

अर्जाआधीही एक दार आहे, फारसं कुणी वापरत नाही. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा आणि स्थानिक पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघता येतात. मी लोकांना शासन निर्णयाची छापील प्रत हातात देऊन पाठवते, कारण टेबलावरच्या माणसालाही कधीकधी तो माहीत नसतो. दोघे जा, एकाने पानं उलटायची, दुसऱ्याने लिहायचं. काय हवं ते आधी फाइलमध्ये दिसलं की मग अर्जात नेमकं तेवढंच मागता येतं, दोनशे पानांचे पैसे भरावे लागत नाहीत.

नकार आला तर

नकाराची भाषा आता थोडी बदलली आहे. खासगी म्हणून माहिती नाकारायची मुभा देणाऱ्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी खासगी माहिती आणि जनहित यांचा तोल त्याच वाक्यात होता. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि आता तिथे नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच राहिलं. मला ही दुरुस्ती अजिबात पटलेली नाही. सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा घेणाऱ्याचं नाव ही फक्त त्याची खासगी गोष्ट कशी? पण कायदा आहे तो आहे, त्यातून वाट काढायची. कलम ८(२) अजून शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अपिलात तेच लिहा, शिवाय ४(१)(ख)(बारा) लिहा, आणि हीच नावं केंद्राच्या पोर्टलवर सगळ्यांना दिसतात त्याची छापील प्रत तारखेसह जोडा. मी तरी यापेक्षा सोपा पुरावा पाहिला नाही.

पहिलं अपील त्याच विभागाच्या वरिष्ठाकडे, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत, ‘जोडपत्र ब’, वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत; आमच्यासाठी नाशिक खंडपीठ. तिथे तारीख लागायला वेळ लागतो, खूप लागतो. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण माहिती अधिकाऱ्यालाही पुढे दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंडाची कटकट नको असते.

“फाइल सापडत नाही” हे उत्तर आलं तर दुसरा छोटा अर्ज करा: फाइल कुणाच्या ताब्यात होती, हस्तांतराच्या यादीत तिची नोंद आहे का, नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. महसूलकडून कृषीकडे काम जाताना कागद गेले असतील तर यादी करूनच गेले असणार. अशा अर्जानंतर फाइल सापडल्याचं मी पाहिलंय.

ग्रामसभेत

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सभेच्या आधी ग्रामसेवकाला लेखी द्या: “पीएम-किसान २०२०-२१ लाभार्थी यादीचे वाचन हा विषय घ्यावा.” पोच घ्या. ऐनवेळच्या विषयात टाकलं तर चहा येतो आणि सभा संपते. वाचन झालं की इतिवृत्तात ते आलं का, हे सही करण्याआधी बघा.

सभेत नावाला नाव भिडवू नका. “अमक्याने खाल्ले” म्हटलं की पुढची दहा वर्षं बांध पेटतो, आणि त्यात बऱ्याचदा माणूस पात्रही निघतो. म्हणायचं असं: “या पाच नावांची पडताळणी करून तहसीलदारांनी लेखी कळवावं.” जबाबदारी कार्यालयावर जाते, शेजार शाबूत राहतो. यादीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायची खुमखुमी येते, ती आवरा; त्यात कुणाचा मोबाइल नंबर किंवा खाते क्रमांक राहिला तर उलटं तुमच्यावरच येईल. ग्रामपंचायतीच्या फलकावर अधिकृत यादी लावून घ्या, ती ज्याला बघायची तो बघेल.

घरातलंच कुणी अपात्र निघालं, मुलगा नोकरीला लागला आणि हप्ते त्याच्या नावावर चालू राहिले, तर नोटिशीची वाट बघू नका. पोर्टलवर ‘ऑनलाइन रिफंड’ आहे, आणि लाभ सोडायचा वेगळा पर्यायही आहे. पैसे भरल्याची पावती छापून प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याशेजारी ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा नोटीस आली तर तीच दाखवायची असते.

आणि यादीत नसलेल्यांसाठी वेगळी वही घाला. माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. तिच्यात दोन रकाने करा. एकात पात्र असून सुटलेले: वारसाचा फेरफार न झालेली विधवा, नाव न जुळलेले नाना, केवायसीअभावी थांबलेले. यांचं काम होऊ शकतं, प्रत्येकासमोर कुठला कागद कमी आहे ते लिहा आणि एकत्र तलाठी व कृषी सहायकाकडे न्या. एकेकटं गेलं की उद्या या, दहा जणांची यादी घेऊन गेलं की बसवून घेतात. दुसऱ्या रकान्यात नियमानेच बाहेर राहिलेले: वाट्याने, खंडाने जमीन कसणारे, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायका. यांना हप्ता मिळणार नाही, खोटी आशा लावू नका. बायकांच्या बाबतीत मात्र नवऱ्याची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून नाव लागतं, त्याचा अर्ज तलाठ्याकडे करायचा. त्याने घरात दुसरा हप्ता सुरू होणार नाही, पण पुढच्या संकटात नुकसानीचा पंचनामा होईल तेव्हा कागदावर ती असेल.